सुपरसॉनिक प्रवाहात दाबाचा शॉक होतो, मग प्रसरणाचा शॉक का होत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुपरसॉनिक, म्हणजे ध्वनीहून वेगवान, प्रवाहासमोर भिंत आतल्या बाजूला वळली, म्हणजे हवेच्या वाटेत आली, की तिरपा शॉक होतो, म्हणजे एका पातळ तिरप्या रेषेत दाब एकदम उडी घेतो. भिंत बाहेरच्या बाजूला वळली, म्हणजे हवेला मोकळी जागा मिळाली, की प्रसरणाचा पंखा होतो, म्हणजे दाब एका फाकत जाणाऱ्या पट्ट्यात सावकाश उतरतो. भिंत दोन्हीकडे समजा १० अंशांनीच वळली आहे आणि वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांची समीकरणेही तीच आहेत. मग एकीकडे सगळा बदल एका रेषेत उरकतो आणि दुसरीकडे तो पसरतो, असे का? सोबत एक तक्रारही आहे: वर्गात ‘एंट्रॉपी (ऊर्जेच्या विस्कळीतपणाचे माप) कमी होऊ शकत नाही’ एवढे सांगून विषय संपवला, पण समाधान झाले नाही.

तक्रार रास्त आहे. एंट्रॉपीचा नियम बरोबर आहे, पण तो न्यायाधीशासारखा शेवटी निकाल देतो. घटना कशी घडली ते त्यातून कळत नाही. घडण्याची गोष्ट आधी समजून घेतली, तर एंट्रॉपीचा निकाल वेगळा पाठ करावा लागत नाही.

हवेतला कोणताही बारीक दाबबदल ध्वनीच्या वेगाने पसरतो. १५ अंश सेल्सिअसला हा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. विमान याहून हळू जात असेल, तर त्याच्या येण्याची वर्दी पुढच्या हवेला आधीच लागते आणि ती बाजूला सरकू लागते. विमान याहून वेगात असेल, तर वर्दी पुढे पोहोचतच नाही. ती विमानाच्या मागे एका शंकूत अडकते. या शंकूच्या अर्ध्या कोनाला माख कोन म्हणतात आणि त्याची साइन म्हणजे १ भागिले माख अंक (वेग भागिले ध्वनीचा वेग). माख २ ला हा कोन बरोबर ३० अंश येतो, माख ३ ला सुमारे १९.५ अंश. हा बारीक, जवळजवळ शून्य ताकदीचा तरंग झाला. खरा प्रश्न असा की असे अनेक बारीक तरंग एकामागून एक निघाले तर ते एकमेकांशी कसे वागतात.

कोपरा क्षणभर बाजूला ठेवू आणि एक लांब नळी घेऊ. नळीत हवा आहे आणि एका टोकाला दट्ट्या. दट्ट्या थोडासा आत ढकलला की एक बारीक दाबतरंग निघतो. तो जिथून गेला तिथली हवा किंचित तापते आणि तरंगाच्या दिशेने किंचित पुढे सरकू लागते. आता दट्ट्याला दुसरा धक्का द्या. हा दुसरा तरंग आधीच तापलेल्या हवेतून जातो. ध्वनीचा वेग तापमानाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणून तो पहिल्यापेक्षा वेगात जातो. शिवाय ती हवा स्वतःच पुढे चालली आहे, त्याचाही फायदा त्याला मिळतो. अशा दुहेरी कारणाने मागचा तरंग पुढच्याला गाठतो. तिसरा दुसऱ्याला गाठतो, चौथा तिसऱ्याला. सुरुवातीला दाबाचा चढ कितीही सौम्य असला तरी तो हळूहळू उभा होत जातो आणि शेवटी कडा बनतो. तोच शॉक.

आता दट्ट्या मागे ओढा. पहिला प्रसरण तरंग गेला की मागची हवा थंड होते आणि दट्ट्याकडे, म्हणजे तरंगाच्या उलट दिशेला सरकते. दुसऱ्या तरंगाचे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. तो मागे पडतो आणि दोघांमधले अंतर वाढतच जाते. दट्ट्या झटक्यात ओढला तरी निघालेला उतार क्षणोक्षणी लांबत जातो.

कोपऱ्यावर हेच घडते, फक्त वेळेच्या जागी अंतर येते. माख २ चा प्रवाह घ्या. पहिली माख रेषा ३० अंशांवर आहे. भिंत १ अंश आत वळली की माख अंक उतरून सुमारे १.९६ होतो आणि माख कोन ३०.६ अंश होतो. प्रवाहाची दिशाही १ अंशाने वर गेली आहे, म्हणून पुढची माख रेषा मूळ दिशेशी ३१.६ अंशांवर निघते. ती पहिलीपेक्षा उभी आहे, म्हणजे कुठेतरी तिला छेदणारच. आता भिंत १ अंश बाहेर वळवा. माख अंक सुमारे २.०४ होतो, माख कोन २९.४ आणि दिशा १ अंशाने खाली, म्हणून पुढची रेषा २८.४ अंशांवर जाते. ती पहिलीपासून दूर पळते. आतल्या वळणाच्या रेषा एकमेकींवर येऊन साचतात, बाहेरच्या वळणाच्या रेषा फाकतात. ही आकडेमोड एकदा स्वतः करून पाहा. माझ्या अनुभवात विषय डोक्यात बसतो तो इथे, एंट्रॉपीच्या सूत्रात नव्हे.

यातून एक गोष्ट निघते जी विद्यार्थी हमखास विसरतात: आतले वळण म्हणजे लगेच शॉक असे नाही. भिंत तीक्ष्ण कोपऱ्याऐवजी सावकाश, अंतर्गोल वळणाने वर गेली, तर भिंतीलगत शॉक नसतो. तिथे दाब सलगपणे आणि जवळपास काहीही न गमावता वाढतो. भिंतीपासून दूर जिथे रेषा एकत्र येतात तिथे शॉक जन्मतो. बाहेरच्या वळणाला मात्र कोपरा कितीही तीक्ष्ण असू द्या, पंखा त्या एका बिंदूतून निघून फाकतो.

मग तो कडा अनंत उभा का होत नाही? कारण पुरेसे उभे झाल्यावर श्यानता (हवेचे अंतर्गत घर्षण) आणि उष्णतावहन यांना काम करायला तीव्र उतार मिळतो आणि ते त्याला आणखी उभे होऊ देत नाहीत. साचणे आणि पसरणे यांचा जिथे समतोल साधतो ती शॉकची जाडी. समुद्रसपाटीच्या हवेत रेणूच्या दोन टकरींमधले सरासरी अंतर सुमारे ०.०७ मायक्रोमीटर असते आणि मध्यम ताकदीचा शॉक अशा काही अंतरांइतकाच जाड असतो. म्हणजे एका मायक्रोमीटरच्याही आत सगळा खेळ. वर खूप उंचीवर हवा विरळ होते तशी ही जाडी वाढते. पण एक मजेची बाब लक्षात घ्या: श्यानता शॉकची जाडी ठरवते, ताकद ठरवत नाही. शॉकच्या दोन्ही बाजूंचे दाब, घनता आणि तापमान यांचा हिशेब वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांवरून पूर्ण होतो. त्यात श्यानतेचा आकडा कुठेच लागत नाही.

या मुद्द्यावर मोठमोठे लोक अडखळले आहेत. रीमान यांनी १८६० मध्ये अशा तरंगांचे गणित मांडले तेव्हा शॉक ओलांडताना एंट्रॉपी बदलत नाही असे धरले होते. रँकिन यांनी १८७० मध्ये आणि ह्यूगोनियो यांनी १८८० च्या दशकात ऊर्जेचा हिशेब नीट बसवला. पण त्या समीकरणांतून प्रसरणाचा शॉकही तितक्याच सहज निघत होता. तो का नाकारायचा हे १९१० मध्ये रेली आणि टेलर यांच्या लेखांनी स्पष्ट केले. मधल्या काळात, १८८६ मध्ये, एर्न्स्ट माख यांच्या सांगण्यावरून पेटर साल्खर यांनी फ्यूम (आजचे क्रोएशियातले रिएका) इथे उडत्या गोळीभोवतीच्या शॉकची छायाचित्रे टिपली होती. म्हणजे शॉक डोळ्यांनी दिसल्यावरही त्याचा सिद्धांत पुरा व्हायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. तिरप्या शॉकचा आणि प्रसरणाच्या पंख्याचा हिशेब मात्र एकत्रच आला: गोटिंगेनला प्रांटल यांचे विद्यार्थी थिओडोर मायर यांच्या १९०८ च्या प्रबंधात.

आता एंट्रॉपीकडे येऊ. माख २ चा प्रवाह सरळ, म्हणजे प्रवाहाला काटकोनात असलेल्या, शॉकमधून गेला तर बाहेर माख ०.५७७ ने येतो. दाब ४.५ पट, घनता २.६७ पट, तापमान १.६९ पट. हेच उलटे लिहा: माख ०.५७७ चा प्रवाह आत येतो आणि एका रेषेत माख २ होऊन बाहेर पडतो. वस्तुमान जुळते, संवेग जुळतो, ऊर्जा जुळते. तिन्ही समीकरणांना काहीही हरकत नाही. पण एकूण दाब (हवा काहीही न गमावता थांबवली तर मिळेल तो दाब) आपोआप वाढलेला आणि एंट्रॉपी घटलेली दिसते. इथे उष्मागतिकीचा दुसरा नियम, म्हणजेच वरचा एंट्रॉपीचा नियम, नकार देतो. वर पाहिलेली यंत्रणाही तेच सांगते: असा प्रसरणाचा कडा कोणी जादूने उभा केला तरी त्याचे तुकडे पुढच्याच क्षणी एकमेकांपासून दूर जाऊ लागतील आणि त्याचा पंखा होईल. तो टिकू शकत नाही. दाबाचा कडा मोडला तर मात्र मागचे तुकडे पुढच्यांना गाठून तो पुन्हा उभा राहतो.

हेच दुसऱ्या शब्दांत: खरा शॉक पुढच्या हवेच्या दृष्टीने सुपरसॉनिक असतो आणि मागच्या हवेच्या दृष्टीने सबसॉनिक, म्हणजे ध्वनीहून हळू. तिरप्या शॉकच्या बाबतीत हे शॉकला काटकोनात असलेल्या वेगाच्या घटकाला लागू पडते. त्यामुळे मागून निघालेले बारीक तरंग शॉकपर्यंत पोहोचतात आणि त्याला पोसतात किंवा खातात. ‘खातात’ हा भाग महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे सॉनिक बूमपाशी (सुपरसॉनिक विमानाचा जमिनीवर ऐकू येणारा धडाका) परत येऊ.

संगणकावर काम करणाऱ्यांनी ही चर्चा निव्वळ तात्त्विक समजू नये. संगणकाला दुसरा नियम उपजत माहीत नसतो. रो यांची १९८१ ची प्रसिद्ध संख्यात्मक पद्धत मूळ रूपात वापरली, तर प्रसरणात प्रवाह माख १ ओलांडतो तिथे ती खुशाल प्रसरणाचा शॉक दाखवते. म्हणून त्यात एंट्रॉपीची दुरुस्ती घालावी लागते. हार्टेन यांच्या नावाची दुरुस्ती सर्वांत प्रचलित आहे. तुमच्या निकालात कोपऱ्यावर, माख १ च्या आसपास, दाब एकदम पायरीसारखा उतरलेला दिसला तर जाळी बारीक करत बसण्याआधी ती दुरुस्ती चालू आहे का ते बघा.

अपवाद आहे का? सैद्धांतिकदृष्ट्या आहे. मागचा तरंग वेगवान होतो की मंद, हे वायूच्या एका गुणधर्मावर अवलंबून असते. हवेसारख्या आदर्श वायूसाठी त्याची किंमत (गॅमा + १) भागिले २, म्हणजे १.२, आणि ती धन असते; गॅमा म्हणजे वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर, हवेसाठी १.४. काही जड, गुंतागुंतीच्या रेणूंच्या वाफा द्रवीभवनाच्या सीमेजवळ दाट अवस्थेत असताना ही किंमत ऋण होऊ शकते असे बेथे, झेल्दोविच आणि थॉम्पसन यांच्या कामातून दिसते. तिथे सगळे उलटते: प्रसरण साचते आणि दाब पसरतो. दुसरा नियम तिथेही मोडत नाही, कारण तिथे प्रसरणाच्या शॉकमध्येच एंट्रॉपी वाढते. विमानाच्या कामात याचा संबंध येत नाही, पण ‘निसर्गाला प्रसरणाचा शॉक मंजूरच नाही’ असे सरसकट म्हणू नये.

आकड्यांत दोन्ही कोपरे शेजारी ठेवू. माख २, वळण १० अंश, गॅमा १.४. आतल्या वळणावर शॉक ३९.३ अंशांवर बसतो, माख अंक १.६४ होतो, दाब १.७१ पट होतो आणि एकूण दाबापैकी दीड टक्का जातो. बाहेरच्या वळणावर प्रांटल-मायर फलन वापरायचे; माख १ पासून दिलेल्या माख अंकापर्यंत जायला हवा किती अंश वळावी लागते ते हे फलन सांगते. माख २ ला त्याची किंमत २६.३८ अंश असते, त्यात १० मिळवले की ३६.३८, आणि ती किंमत माख २.३९ च्या किंचित अलीकडे सापडते. दाब ०.५५ पट, तापमान ०.८४ पट. पंखा ३० अंशांवर सुरू होतो आणि मूळ दिशेशी १४.८ अंशांवर संपतो, म्हणजे १५ अंशांचा पाचरीसारखा तुकडा. एकूण दाबात घट शून्य. हिशेब करताना माख अंक वाढला की पंखा, घटला की शॉक, एवढे आधी मनाशी ठरवा. चिन्हांच्या चुका तिथेच होतात.

एकूण दाबाचा तो दीड टक्का किरकोळ वाटेल, पण माझ्या मते या सगळ्या विषयाचा व्यावहारिक गाभा तिथेच आहे. दुबळ्या शॉकमधली एंट्रॉपीची वाढ माख अंकाच्या वर्गातून १ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात असते. वर्ग नव्हे, घन. म्हणून सरळ शॉकमध्ये माख १.१ ला फक्त ०.१ टक्का एकूण दाब जातो, माख १.३ ला २ टक्के, माख १.५ ला ७, माख २ ला २८ आणि माख ३ ला तब्बल ६७. घनाच्या नियमाचा अर्थ असा की एक मोठा शॉक टाळून त्याचे दोन लहान केले, तर नुकसान निम्मे होत नाही, त्याहून कितीतरी कमी होते. माख २ चा प्रवाह एकदम २० अंश वळवा: एकूण दाबापैकी जवळपास ११ टक्के गेले. तोच १० आणि १० अशा दोन पायऱ्यांत वळवा: ३ टक्क्यांच्याही आत. शेवटचा दाब दोन्हीकडे जवळपास सारखाच, मूळच्या सुमारे २.८ पट.

सुपरसॉनिक विमानाच्या इंजिनाचे हवेचे तोंड असे विचित्र का दिसते त्याचे उत्तर यात आहे. जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरला हवा सबसॉनिक हवी असते. सुपरसॉनिक प्रवासी विमान कॉन्कॉर्ड माख २ ला उडत असताना ती हवा सुमारे माख ०.५ पर्यंत आणावी लागे. साधे नळीसारखे तोंड ठेवले, तर तोंडासमोर सरळ शॉक बसून २८ टक्के एकूण दाब वाया जातो. आधी १० अंशांचा एक उतार देऊन तिरपा शॉक आणि मग माख १.६४ ला सरळ शॉक अशी रचना केली तरी नुकसान १३ टक्क्यांवर येते. कॉन्कॉर्डच्या तोंडात हलत्या पट्ट्या होत्या, त्यांचे कोन वेगाप्रमाणे बदलत. एसआर-७१ या अमेरिकी टेहळणी विमानाच्या इंजिनापुढचा टोकदार शंकू वेग वाढेल तसा मागे सरकत असे, जास्तीत जास्त सुमारे ६६ सेंटिमीटर. शॉकची जागा चुकली आणि तो तोंडातून बाहेर फेकला गेला, की त्या बाजूच्या इंजिनाचा जोर एकाएकी जाई आणि विमानाला आडवा हिसका बसे. त्या विमानाचे वैमानिक या प्रकाराला चांगलेच ओळखून होते.

पंखावर शॉक आणि प्रसरण एकत्र येतात ते पाहायला सपाट पातळ पत्र्याहून सोपे उदाहरण नाही. पत्रा माख २ च्या प्रवाहात ५ अंश तिरपा धरा. पुढच्या कडेवर खालच्या बाजूला हवा आत वळते: शॉक, दाब १.३१५ पट. वरच्या बाजूला ती बाहेर वळते: पंखा, दाब ०.७४७ पट. दोन्ही बाजूंना दाब पुढून मागपर्यंत एकसारखा. फरकाला गतिदाबाने भागले की उचल गुणांक ०.२०२ आणि ओढ गुणांक ०.०१७७ मिळतो. आता आकेरेट यांचे १९२५ चे सरळ सूत्र लावा: उचल म्हणजे ४ गुणिले रेडियनमधला कोन, भागिले माख अंकाचा वर्ग वजा १ याचे वर्गमूळ. उत्तर ०.२०१५. शॉक, पंखा, तक्ते काहीही न वापरता अर्ध्या टक्क्याच्या आत उत्तर! लहान कोनांना शॉक आणि प्रसरण एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखे वागतात. त्यांच्यातला खरा फरक त्या घनाच्या पदात लपलेला असतो आणि ते पद इथे नगण्य आहे. म्हणून पहिल्या अंदाजाला हे सूत्र बिनधास्त वापरा. कोन १५-२० अंशांवर गेला की सोडून द्या.

पण याच उदाहरणात एक अस्वस्थ करणारी गोष्टही आहे. इथे घर्षण धरलेलेच नाही, तरी ओढ आहे. सबसॉनिक आदर्श प्रवाहात असे होत नाही. पत्र्याऐवजी पत्त्यांतल्या चौकटसारख्या छेदाचा पंख घेतला तर शून्य कोनालाही ओढ येते: पुढच्या दोन उतारांवर शॉकमागचा जास्त दाब, मागच्या दोन उतारांवर प्रसरणानंतरचा कमी दाब, आणि दोन्ही मिळून पंखाला मागे ओढतात. जाडी दुप्पट केली की ही ओढ चौपट होते, म्हणून सुपरसॉनिक पंख इतके पातळ. बूझेमान यांनी १९३५ च्या सुमारास यावर एक देखणी कल्पना मांडली: दोन पंख एकावर एक ठेवायचे, फुगवटा आतल्या बाजूंना, आणि एकाचा शॉक दुसऱ्याच्या प्रसरण कोपऱ्यावर नेमका आदळवायचा. दोघे एकमेकांना जवळपास खोडून टाकतात. ठरलेल्या एका वेगाला तरंगांची ओढ जवळजवळ नाहीशी होते. वेग जरा बदलला की नेम चुकतो, शिवाय अशा जोडीतून उचल मिळत नाही, म्हणून ती विमानांवर दिसत नाही.

वळण मर्यादेबाहेर गेले तर काय? माख २ ला पाचरीचा अर्धा कोन सुमारे २३ अंशांपर्यंत चालतो, माख ३ ला ३४, आणि वेग कितीही वाढवला तरी ४५.६ च्या पुढे नाही. त्यापलीकडे शॉक टोकाला चिकटून राहत नाही, पुढे सरकून वाकडा होतो. शंकूला याहून मोठा कोन चालतो, कारण तिथे हवेला सगळीकडून पसरायला जागा असते. अशा सुटलेल्या शॉकला सर्व ठिकाणी वाईट समजू नका. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ॲलन आणि एगर्स यांनी दाखवले की अंतराळातून परतणाऱ्या वस्तूचे नाक मुद्दाम बोथट ठेवले, तर शॉक पुढे उभा राहतो आणि बरीचशी उष्णता वस्तूत न जाता हवेतच राहते. अपोलोच्या यानाचा तळ म्हणूनच बोथट होता. प्रसरणाला मर्यादा आहे पण फार सैल: माख १ पासून सुरू केले तर कागदावर १३०.५ अंश वळेपर्यंत हवा भिंतीला चिकटून जाते, आणि तिथे दाब शून्य होतो. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी सीमास्तर (भिंतीलगतचा मंदावलेल्या हवेचा थर) सुटतो किंवा हवेतले घटक द्रवरूप होऊ लागतात.

भिंतीवर आपटलेला शॉक शॉक म्हणूनच परततो, पंखा पंखा म्हणून. पण मोकळ्या हवेच्या सीमेवर उलटे होते, कारण तिथे दाब बाहेरच्या हवेइतकाच राहायला हवा: शॉक प्रसरण होऊन परततो आणि प्रसरण दाबतरंग होऊन. रॉकेटच्या किंवा लढाऊ विमानाच्या ज्वाळेत ओळीने दिसणारे चमकते हिरे ही त्याचीच पुनरावृत्ती आहे.

सॉनिक बूमचे दोन धडाके ऐकू येतात त्यामागेही हीच जोडी आहे. विमानाच्या निरनिराळ्या भागांतून अनेक शॉक आणि पंखे निघतात. खाली येईपर्यंत वेगवान दाबतरंग पुढे साचतात, मागचे शेपटीच्या शॉकमध्ये मिसळतात आणि मधे प्रसरणाचा लांब उतार राहतो. तोच उतार दोन्ही शॉकना गाठून खात राहतो, म्हणून जमिनीवर पोहोचताना ते इतके दुबळे झालेले असतात. कॉन्कॉर्डच्या बूममध्ये दाबाची उडी जमिनीवर सुमारे ९० ते १०० पास्कल असे, वातावरणाच्या दाबाच्या एक हजारांशापर्यंत. तरी खिडक्या खडखडत. आणि हो, विमानाभोवती शंकूसारखा पांढरा ढग दिसणारे जे छायाचित्र ‘ध्वनीची भिंत फोडताना’ म्हणून फिरते, त्यात दिसतो तो शॉक नव्हे. प्रसरणात हवा थंड होऊन तिच्यातल्या बाष्पाचे थेंब बनतात, तो ढग असतो. तो जिथे एकदम संपतो तिथे शॉक असतो, कारण शॉकमागे हवा पुन्हा तापते. विमान माख १ च्या किंचित खाली असतानाही हा ढग दिसू शकतो.

वर्गातल्या आकृत्यांत न दिसणारी पण प्रयोगात सर्वांत आधी डोके वर काढणारी एक अडचण म्हणजे सीमास्तर. भिंतीलगत हवेचा वेग शून्यापर्यंत उतरतो, म्हणून तिथे सबसॉनिक पट्टा असतोच आणि त्यातून दाबवाढीची वर्दी मागे जाऊ शकते. शॉक पुरेसा तगडा असेल तर सीमास्तर सुटतो, कोपऱ्याच्या बऱ्याच आधी फुगवटा येतो आणि एका शॉकच्या जागी पायाशी दोन फाट्यांचा शॉक उभा राहतो. स्तर संथ असेल तर हे फार लवकर होते, खळबळता असेल तर तो जास्त दाबवाढ सोसतो. मध्यम वळणाच्या प्रसरणाच्या कोपऱ्यावर ही भीती सहसा नसते, दाब उतरता असल्याने स्तर भिंतीला चिकटून राहतो. शॉक आणि पंखा यांतला हा फरक संरचनेच्या माणसाला एंट्रॉपीपेक्षा जास्त त्रास देतो, कारण सीमास्तर सुटल्यावर तिथला शॉक जागेवर स्थिर राहत नाही, पुढेमागे डोलतो आणि पत्र्याला थकवतो.

श्लीरेनचे, म्हणजे हवेच्या घनतेतले बदल छटांत दाखवणारे, छायाचित्र हाती आले तर एवढे पाहा. शॉक बारीक, तीक्ष्ण रेषा दिसेल. पंखा सावकाश बदलणाऱ्या छटेचा पट्टा दिसेल, आणि सुरीची कड (प्रकाश अंशतः अडवणारी धारदार पट्टी) तशीच ठेवली तर एकाच बाजूच्या शॉकच्या उलट छटेचा: शॉक काळा तर पंखा उजळ. विंड टनेलच्या भिंतीवरून परतलेल्या शॉकची रेषा मॉडेलच्या मागच्या भागावर पडत नाही ना, हे मी आधी तपासतो. ती पडत असेल तर तिच्यामागचे दाबाचे आकडे मॉडेलचे नसतात. आणि तीक्ष्ण कोपऱ्यातून पंख्याऐवजी एकच रेषा निघालेली दिसली, तर नवा शोध लागला असे समजू नका. बहुतेक वेळा हवा कोपऱ्यावर जास्त वळून पुन्हा भिंतीला लागलेली असते आणि तिथला छोटा शॉक पंख्याच्या शेपटीला चिकटलेला असतो. कोपऱ्याच्या लगेच पुढे एक दाबछिद्र आणखी पाडून मोजले की त्याचा उलगडा होतो.